घरात नशा असलेली मुलं : ओळखायचं कसं, बोलायचं कसं

घरात कुणी नशा करत असेल, तर त्या घरातलं मूल ते स्वतःहून क्वचितच सांगतं. ‘बाहेर बोलायचं नाही’ असं त्याला कधी बजावलेलं असतं, पण बहुतेकदा तेवढीही गरज पडत नाही. ज्या माणसावर आपलं जेवणखाण, झोप, माया सगळं अवलंबून आहे, त्याच्याबद्दल तोंड उघडलं तर घर मोडेल, हे चार-पाच वर्षांच्या मुलालाही आतून कळतं. त्यामुळे ही मुलं वर्गात, दवाखान्यात, शेजारात आपल्या डोळ्यांसमोर असतात आणि तरी नजरेतून सुटतात.

त्यांची संख्या थोडी नाही. अमली पदार्थांबाबत ब्रिटिश सरकारला सल्ला देणाऱ्या परिषदेने २००३ मध्ये या मुलांवर अहवाल दिला. त्या एका देशात गंभीर व्यसन असलेल्या पालकांची अडीच ते साडेतीन लाख मुलं असावीत, असा तिचा अंदाज होता, म्हणजे जवळपास प्रत्येक व्यसनी माणसामागे एक मूल. मुलांना अमली पदार्थांपासून संरक्षण द्यायचं हे तर संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातल्या कलम ३३ मध्येच लिहिलेलं आहे. पण करार कागदावर असतो आणि मूल समोर बसलेलं असतं. त्याच्याशी नेमकं काय बोलायचं, इथे भलेभले अडखळतात.

शिक्षक, बालवाडीच्या ताई, डॉक्टर, नर्स, समुपदेशक, समाजसेवक आणि अशा घरात शिरावं लागणारे पोलीस, या सगळ्यांसाठी हा लेख आहे. त्यातलं एक वाक्य लक्षात राहिलं तरी चालेल : मुलाला नशेबद्दल विचारू नका, त्याच्या दिवसाबद्दल विचारा. नशेची माहिती त्या दिवसातच असते.

धोका कुठून कुठून येतो

‘घरात नशा’ म्हटलं की आपल्याला दारू पिऊन धिंगाणा घालणारा बाप दिसतो. प्रत्यक्षात चित्र पुष्कळ वेगवेगळं असतं. कुणी शांतपणे गोळ्या खाऊन दिवसभर झोपून असतं. कुणी बंद खोलीत गांजा ओढतं आणि तान्हं बाळ त्याच धुरात असतं. कुणाच्या गादीखाली सुया असतात. कुणाच्या घरातून पुड्या विकल्या जातात, त्यामुळे अपरात्री अनोळखी माणसं येतात-जातात, आणि कधीकधी पुडी पोचवायला मुलालाच पाठवलं जातं. काही घरांत तर माल तयार होतो, तिथे आम्लं, अल्कली, ज्वलनशील द्रावणं स्वयंपाकघरातल्या बाटल्यांत भरून ठेवलेली असतात.

लहान मूल जमिनीवर रांगतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं आणि वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त श्वास घेतं. मोठ्या माणसाला जो अंश जाणवतही नाही, तो त्याला पुरतो. व्यसन सुटावं म्हणून डॉक्टरांनी रीतसर दिलेलं मेथाडोनसुद्धा मुलाने एक घोट प्यायलं तर जीव जाऊ शकतो. म्हणून उपचार घेणाऱ्या पालकालाही ‘औषध कुठे ठेवता? कुलूप आहे का?’ हे विचारायलाच हवं, आणि दोषाचा सूर न लावता विचारायला हवं.

पदार्थाइतकाच, कित्येकदा त्याहून मोठा, धोका पालक हजर असून नसण्याचा असतो. नशा चढलेली असताना लक्ष नसतं, उतरताना चिडचिड असते, आणि नशा मिळवायच्या धावपळीत घर, पैसा, शाळा सगळं मागे पडतं. मुलं बऱ्याचदा नशेच्या वेळेपेक्षा नशा न मिळालेल्या दिवसाला जास्त घाबरतात. मारहाण, तोडफोड, ‘तुझ्यामुळेच झालं’ हे त्या दिवशी होतं. मूल ‘बाबा घेतात तेव्हा चांगले असतात’ असं म्हणालं तर दचकू नका. ते त्याचं खरं निरीक्षण आहे.

काय पाहायचं

एकेका खुणेवरून काहीच सिद्ध होत नाही. उशिरा येणारं, मळकं, पेंगणारं, भुकेलं मूल गरिबीतलं असू शकतं, घरात आजारपण असू शकतं, त्याला स्वतःलाच झोपेचा विकार असू शकतो. म्हणून खूण दिसली की तारीख घालून वहीत टिपा आणि काही आठवडे नमुना तयार होतोय का ते पाहा. तातडीच्या खुणा याला अपवाद आहेत. त्या पुढे दिल्या आहेत.

तान्ह्या बाळात जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत कर्कश, न थांबणारं रडणं, हातापायांना थरथर, दूध ओढता न येणं, वारंवार शिंका अशी लक्षणं दिसली, तर गरोदरपणात आईच्या शरीरात अफूजन्य पदार्थ गेलेले असू शकतात. पण तेवढ्यावरून आईला गुन्हेगार ठरवू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध घेणाऱ्या, स्वतःला सावरू पाहणाऱ्या आईच्या बाळातही हीच लक्षणं दिसतात. तिला पळवून लावलं तर बाळाचा उपचारही तिच्याबरोबर निघून जातो.

बालवाडीच्या वयात खेळ पाहा. मुलं जे पाहतात ते खेळतात. कागदाची सुरनळी करून नाकाला लावणं, बाहुलीच्या हाताला दोरी बांधून टोचणं, चमच्याखाली काडी धरल्याची नक्कल करणं, ‘पोलीस आले, लपव’ असा खेळ. अशा वेळी खेळ थांबवू नका आणि चेहऱ्यावर धक्का दाखवू नका. मुलाने काय केलं, काय म्हटलं ते शब्दशः लिहून ठेवा.

शाळेच्या वयात सगळ्यात बोलकी खूण वेगळीच असते : मूल वयापेक्षा फार मोठं झालेलं असतं. धाकट्याचा डबा, आंघोळ, औषध सगळं त्याला पाठ असतं. शाळा सुटायच्या वेळी ते अस्वस्थ होतं, कारण घरी आज काय वाढून ठेवलंय ते माहीत नसतं. मित्रांना घरी बोलावत नाही. सहलीचे पैसे आणतो म्हणतं, मग हरवले म्हणतं. मोठ्यांचा मूड दारातूनच ओळखायची कला त्याला अवगत असते. दुसऱ्या टोकाला मारामाऱ्या करणारी, वर्गात अजिबात लक्ष नसलेली मुलं असतात. आणि एक तिसरा प्रकार, जो हमखास सुटतो : पहिला नंबर काढणारी, कधीच तक्रार न करणारी, सगळ्यांना खूष ठेवणारी मुलगी. तिचं काय बिघडलंय असं कुणालाच वाटत नाही.

किशोरवयीन मुलं नशेची भाषा सहज वापरतात, त्यावरून अंदाज बांधू नका. ती सिनेमातून आणि मोबाइलवरूनही येते. घरी जायचं टाळणं, हातात अचानक खुळखुळणारा पैसा, मोठ्या वयाच्या अनोळखी माणसांशी ओळखी, याकडे लक्ष ठेवा. नशा चालते त्या घरात ये-जा करणाऱ्यांकडून मुलामुलींचं लैंगिक शोषण होण्याचा धोका खरा आहे.

थांबायचं नाही अशा वेळा

मूल जागं होत नाही, श्वास मंद किंवा अडखळत आहे, ओठ निळसर झालेत, बुबुळांची छिद्रं टाचणीच्या टोकाएवढी झालीत, तर अफूजन्य पदार्थ पोटात गेल्याची शक्यता असते. ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा. नालोक्झोन हे त्यावरचं उतारा-औषध आहे. ते जवळ असेल आणि वापराचं प्रशिक्षण असेल तर द्या, पण त्याचा असर मूळ पदार्थाआधी उतरू शकतो, म्हणून मूल शुद्धीवर आलं तरी दवाखाना टाळू नका. उलट, मूल विलक्षण चिडलेलं, घामेजलेलं, छाती धडधडणारं, डोळ्यांची छिद्रं मोठी झालेलं किंवा झटके येणारं असेल, तर उत्तेजक पदार्थाचा संशय घ्यावा. गांजा घातलेला खाऊ खाल्लेलं लहान मूल झोकांड्या खातं, सुस्तावतं, कधी बेशुद्धही होतं.

यांतलं काहीही असेल तर मुलाखत वगैरे विसरा. आधी डॉक्टर. डॉक्टरांना संशय स्पष्ट शब्दांत सांगा, कारण लघवीतून बहुतेक पदार्थांच्या खुणा दोन-चार दिवसांत निघून जातात आणि नमुना लवकर घेतला तरच उपयोग. केसांच्या तपासणीत काही महिन्यांचा माग मिळतो, पण मुलाच्या केसात पदार्थ सापडला म्हणजे तो त्याच्या पोटात गेलाच असं नाही. धुरातून, धुळीतून, पालकाच्या हातांवरूनही तो केसांवर बसतो. माल तयार करणाऱ्या घरातून मुलाला बाहेर काढताना त्याचे कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि खेळणी तिथेच राहू द्या. आवडतं खेळणं मागे ठेवणं मुलाला फार लागतं, म्हणून त्याला कारण सांगा आणि नवं काहीतरी लगेच हातात द्या.

नशेत असलेला पालक मुलाला न्यायला दाराशी आला, तर वाद घालू नका, पण मूल त्याच्यासोबत, विशेषतः वाहनावरून, जाऊ देऊ नका. ‘बसा, पाणी घ्या, तोवर घरातल्या दुसऱ्या कुणाला फोन करते’ असं म्हणून वेळ काढा आणि त्याच वेळी सहकाऱ्याला वरिष्ठांना व पोलिसांना कळवायला सांगा.

कुणी किती विचारायचं

शिक्षकाने, डॉक्टरने, शेजाऱ्याने चौकशी पूर्ण करायची नसते. त्यांचं काम तीन गोष्टींपुरतं : मूल जे सांगेल ते ऐकून घेणं, आज रात्री ते सुरक्षित आहे का याचा अंदाज घेणं आणि आपल्या भागातल्या बालसंरक्षण यंत्रणेला कळवणं. ‘काय झालं ते सांग’ आणि ‘मग?’ इतकंच पुरेसं. तपशील खोदत बसलात तर पुढच्या मुलाखतीची माती होते, आणि मुलाला तेच ते चार जणांना सांगावं लागतं. खात्री पटेपर्यंत थांबू नका. कळवायला रास्त संशय पुरतो, शहानिशा करणं यंत्रणेचं काम आहे.

सविस्तर मुलाखत प्रशिक्षित माणसानेच घ्यावी, आणि शक्यतो एकदाच. पोलीस, डॉक्टर, समाजसेवक, वकील यांनी मुलाला वेगवेगळं पिडण्यापेक्षा सगळ्यांनी एका घरगुती वाटणाऱ्या जागी यावं, मुलाशी एकानेच बोलावं आणि बाकीच्यांनी पलीकडच्या खोलीतून ऐकावं, ही कल्पना आता बरीच रुळली आहे. १९८५ मध्ये अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिल इथे असं केंद्र निघालं. आइसलंडने १९९८ मध्ये ‘बार्नाहुस’, म्हणजे मुलांचं घर, सुरू केलं आणि युरोपातल्या अनेक देशांनी ते उचललं. तशी सोय नसली तरी तत्त्व पाळता येतं : बोलणारा एक, नोंद एक, खेप एक.

मुलाखतीआधी

मूल झोपलेलं, जेवलेलं आणि लघवीला जाऊन आलेलं असावं. हे क्षुल्लक वाटेल, पण रात्रभर छाप्याच्या गोंधळात जागलेल्या मुलाला सकाळी खुर्चीत बसवून प्रश्न विचारणं म्हणजे क्रूरपणा आहे, आणि त्यातून हाती काही लागतही नाही. विचारणाऱ्याच्या अंगावर गणवेश नको. टेबल मध्ये नको. खुर्ची अशी की मुलाचे पाय जमिनीला टेकतील. दार कुठे आहे ते त्याला दिसावं. पालक खोलीत नकोत. संशय असलेला नको तसा दुसराही नको, कारण मूल त्याच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर बदलतं. भावंडांशी त्याच दिवशी, पण वेगवेगळं बोला. दुभाषा लागणार असेल तर घरातला किंवा ओळखीतला माणूस नको.

आधी हाती असलेली माहिती वाचा, पण तिच्यावर विश्वास टाकून आत जाऊ नका. ‘बाप विकतो’ असं गृहीत धरून बसलेला माणूस मुलाच्या प्रत्येक वाक्यात तेच ऐकतो. निदान दोन-तीन वेगळ्या शक्यता मनाशी लिहून ठेवा : औषध खरंच आजारपणाचं असेल, नशा करणारा दुसराच कुणी नातेवाईक असेल, शेजारी खुन्नस काढत असेल.

लहान मुलाची मुलाखत वीस-तीस मिनिटांपलीकडे ताणू नये.

पहिली दहा मिनिटं

आपण कोण, इथे काय करतो, रेकॉर्डिंग चालू असेल तर ते कशासाठी, हे साध्या भाषेत सांगा. मग नियम. अमेरिकेच्या राष्ट्रीय बालआरोग्य संस्थेत संशोधकांनी मुलांच्या मुलाखतीची एक ठरावीक पद्धत बसवली आणि २००० मध्ये ती प्रसिद्ध झाली. जगभर सर्वांत जास्त तपासली गेलेली पद्धत हीच, आणि नियम सुरुवातीला सांगून त्यांचा सराव करून घेणं हा तिचा पाया आहे. बोलीत ते साधारण असे :

“तुला एखादी गोष्ट माहीत नसली तर ‘माहीत नाही’ म्हण, अंदाज करू नकोस. माझ्या मावशीचं नाव काय?” मूल ‘माहीत नाही’ म्हणेल. “अगदी बरोबर.”

“मी काही चुकीचं बोलले तर मला सांग. तू तीन वर्षांची आहेस असं मी म्हटलं तर?”

“माझा प्रश्न कळला नाही तर ‘कळलं नाही’ म्हण.”

“मी तिथे नव्हते, म्हणून मला काहीच माहीत नाही. जे खरंच झालं तेच सांगायचं.”

वाचायला हे पोरखेळासारखं वाटेल, पण मुलांना शाळेत उलटच सवय लागलेली असते. तिथे मोठ्या माणसाला उत्तर आधीच माहीत असतं आणि गप्प बसणं ही चूक असते. ती सवय इथे मोडायची आहे.

यानंतर सराव म्हणून एखादी साधी, अलीकडची घटना विचारा. वाढदिवस, सुट्टीचा दिवस, कालचा खेळ. “सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं सांग.” मधे फक्त “मग काय झालं?” यातून मुलाला कळतं की इथे जास्त बोलायचं ते आपण. आणि तुम्हाला कळतं की हे मूल किती सविस्तर सांगू शकतं, त्याचे शब्द कुठले, अडखळतं कुठे. घाईघाईत हा भाग गाळतात. माझ्या मते मुलाखत इथेच बनते किंवा बिघडते.

दिवसातून घरात शिरणं

आता मूळ विषय. “इथे तुला आज का आणलंय, याबद्दल तुला काय माहीत आहे?” असं एकदा विचारून पाहा. काही मुलं सरळ बोलतात. बोलली नाहीत तर नशेचं नाव न काढता दिवसाकडे वळा. सात वर्षांच्या मुलीशी असं बोलणं साधारण कसं जातं, त्याचा हा नमुना :

“आज सकाळी उठल्यापासून इथे येईपर्यंत काय काय झालं ते मला सांग.”

“उठले. मग भावाला उठवलं. मग त्याला दूध दिलं. मग आलो.”

“भावाला उठवलंस, तिथून पुढचं अजून सांग.”

“तो रडत होता. आई उठत नव्हती. मी हलवलं. मग तोंडावर पाणी मारलं. मग ती ‘हं’ म्हणाली. मग मी दूध केलं.”

“आई उठत नव्हती, त्याबद्दल अजून सांग.”

“ती तिचं औषध घेते. मग नाही उठत.”

“तिच्या औषधाबद्दल मला सगळं सांग.”

“ते चमच्यात असतं. लायटर लागतो. मी हात नाही लावत. गरम असतं.”

विचारणारीने एकही नवा शब्द घातलेला नाही. ‘औषध’ मुलीने आणलं, तेच उचललं. चमचा आणि लायटर तिच्याकडून आले. आणि अहवाल वाचणाऱ्याने सगळ्यात जास्त थबकायला हवं ते पाण्यापाशी. आईचा ‘हं’ येईपर्यंत ही मुलगी दूध करायला जात नाही. आई जिवंत आहे ना, हे ती तपासते आहे. नशा कुठली, याचं उत्तर प्रयोगशाळाही देईल. हा तपशील दुसरं कुणीच देणार नाही.

असाच रात्रीचा भाग घ्या : संध्याकाळ, जेवण, झोप. कोण कुठे झोपतं, रात्री कोण येतं, दार कोण उघडतं. पुढे गरज पडेल तसे “कोण?”, “कुठे?”, “काय?” असे नेमके प्रश्न. त्यांतून माहितीचा तुकडा मिळाला की लगेच पुन्हा मोकळं सोडा. “कुठे असतं ते?” “कपाटात.” “त्या कपाटाबद्दल सांग.” हो-नाहीचे आणि ‘हे की ते’ असे प्रश्न अगदी शेवटी, तेही सुरक्षिततेला आवश्यक असतील तरच : औषधाला तू किंवा भावाने कधी हात लावलाय का, तोंडात घातलंय का, घरात असं काही आहे का ज्याची तुला भीती वाटते. आई उठत नाही तेव्हा तू कुणाला हाक मारतेस, हा प्रश्न कधी सोडू नका. उत्तरात कुणाचं नाव आलं तर तोच माणूस पुढच्या संरक्षणाचा आधार ठरतो. नाव आलंच नाही, तर तेही तितकंच महत्त्वाचं.

एक अडचण या विषयात खास येते. जे रोज घडतं ते मूल घटना म्हणून सांगतच नाही, रीत म्हणून सांगतं : “बाबा येतात, मग काका येतात, मग ते ओढतात, मग आम्ही बाहेर.” कुठलाही एक दिवस त्यात सापडत नाही. म्हणून आधी विचारा, “असं एकदा झालं की बऱ्याच वेळा?” मूल ‘रोज’ म्हणालं, की “शेवटचं झालं त्या वेळचं सांग.” नंतर “तुला सगळ्यात नीट आठवतं त्या वेळचं सांग.” प्रत्येक वेळेला मुलाच्याच शब्दात नाव द्या, ‘काच फुटली तो दिवस’, ‘मामा आले तो दिवस’, म्हणजे दोन दिवसांची सरमिसळ होत नाही. किती वेळा, किती वाजता, कुठल्या तारखेला, हे सात-आठ वर्षांखालच्या मुलाला विचारण्यात अर्थ नाही. ते काहीतरी आकडा सांगेल आणि पुढे तोच आकडा त्याला खोटं पाडायला वापरला जाईल. उजेड होता की अंधार, शाळा होती की सुट्टी, एवढं पुरतं.

मूल बोलताना अडतं तेव्हा त्याला घराचा नकाशा काढायला द्या. मी कुठे झोपतो, आई कुठे, कुठल्या कोपऱ्यात जायचं नाही. बोट ठेवत ठेवत मुलं सहज बोलतात. मात्र काळा रंग वापरला म्हणून मन काळवंडलं असले अर्थ चित्रातून काढू नका.

हे प्रश्न तोंडाबाहेर पडू देऊ नका

“बाबा गांजा ओढतात ना?” वाक्याच्या शेवटी ‘ना’ लागला की उत्तर आपण दिलेलंच असतं. “तुला भीती वाटली असेल” हेही तसंच. “तू कुणाला सांगितलं का नाहीस?” यात दोष मुलावर जातो. “परत एकदा नीट आठव” म्हटलं की आपलं पहिलं उत्तर चुकलं असं मूल समजतं आणि बदलतं. “भावाने तर आम्हाला सगळं सांगितलंय” हे दडपण आहे. “सांगितलंस की चॉकलेट” ही लाच आहे. पदार्थांची नावं, गर्द, एमडी, ब्राऊन शुगर, मुलाने उच्चारल्याशिवाय आपण उच्चारायची नाहीत.

ही नुसती तांत्रिक काटेकोरी नव्हे. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीत लैंगिक अत्याचार झाल्याचा आरोप झाला. शेकडो मुलांच्या मुलाखती झाल्या. प्रश्न सुचवणारे होते, हवं ते उत्तर आलं की कौतुक व्हायचं. वर्षानुवर्षं खटला चालून १९९० मध्ये तो संपला तेव्हा एकालाही शिक्षा झालेली नव्हती. त्या मुलांच्या बाबतीत नेमकं काय घडलं होतं ते कुणालाच कधी स्वच्छ कळू शकलं नाही, कारण विचारणाऱ्यांनीच पाणी गढूळ केलं होतं. असं झालं की खरं बोलणाऱ्या मुलावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

मूल गप्प बसलं तर

गप्प बसणं हे त्याचं उत्तर आहे आणि ते घ्यायला शिकायला हवं. दहा सेकंद शांत राहा. मोठ्यांना ही दहा सेकंद असह्य होतात म्हणून ते प्रश्नांचा मारा करतात. मग हळूच, “तू बोलायला तयार नाहीस असं दिसतंय, चालेल. तुला बरं वाटावं म्हणून मी काय करू?” विषय बदला, साध्या गोष्टीवर या. तरीही नाहीच बोललं तर थांबा आणि दुसरा दिवस ठरवा. आज दाबून काढलेली चार वाक्यं पुढच्या चाळीस वाक्यांचं दार बंद करतात.

सांगून झाल्यावर शब्द फिरवणारी मुलंही असतात. “मी गंमत केली.” घरी दबाव आला असेल, आई रडली असेल, किंवा खरोखरच पहिलं सांगणं चुकलं असेल. वाद घालू नका. आधीचं आणि आताचं, दोन्ही जसंच्या तसं नोंदवा.

पालकांबद्दल वाईट शब्द चुकूनही काढू नका. मूल त्यांच्यावर प्रेम करतं आणि पुढेही करणार आहे. तुम्ही ‘असला कसला बाप’ म्हणालात की ते वडिलांच्या बाजूने उभं राहील आणि तिथेच बोलणं संपेल.

शेवट आणि अवघड प्रश्न

मुलाखत एकदम तोडू नका. “अजून काही सांगायचंय? मला काही विचारायचंय?” असं विचारा. इथे हमखास दोन प्रश्न येतात. पहिला : “हे कुणाला सांगणार नाही ना?” असं वचन द्यायचं नाही, कारण ते मोडावं लागणार. “तुला आणि भावाला सुरक्षित ठेवायचं काम ज्यांचं आहे, त्यांनाच मी सांगणार. बाकी कुणाला नाही.” दुसरा : “माझ्यामुळे बाबांना पकडतील?” “मोठी माणसं काय करतात त्याची जबाबदारी मोठ्यांची असते. पुढे काय होईल ते मला आत्ता माहीत नाही. कळलं की तुला सांगेन.” ‘काही होणार नाही, काळजी करू नकोस’ हे उत्तर सोपं असतं. पण दुसऱ्या दिवशी ते खोटं ठरलं, की ते मूल पुन्हा कुठल्याच मोठ्या माणसाला काही सांगत नाही.

व्यसनी पालकांच्या मुलांसोबत काम करणाऱ्यांनी अमेरिकेत काही वाक्यं रूढ केली आहेत. आपल्या भाषेत ती साधारण अशी : हे माझ्यामुळे झालेलं नाही. मी ते बरं करू शकत नाही. मी ते आवरू शकत नाही. पण मी माझी काळजी घेऊ शकतो, मनातलं बोलू शकतो. मुलाखतीच्या मधे ही वाक्यं नकोत, ती सूचना ठरतील. संपल्यावर, मग नंतरच्या भेटींत, पुन्हा पुन्हा सांगा. गोळ्या लपवून, बाटली ओतून देऊन, पहिला नंबर आणून आई-बाबांना सुधारता येईल असं या मुलांना मनापासून वाटत असतं. ते ओझं एका वाक्याने उतरत नाही.

नोंद

त्याच दिवशी लिहा. आपला प्रश्नही लिहा, नुसतं उत्तर नको, कारण प्रश्नाशिवाय उत्तराची किंमत ठरत नाही. मुलाचा शब्द सुधारू नका. ‘चमच्यातलं औषध’ म्हणालं असेल तर ‘हेरॉइन’ असं लिहायचं नाही. ‘मूल घाबरलेलं होतं’ हा आपला निष्कर्ष झाला, ‘काकांचं नाव घेताच पाय खुर्चीवर घेतले, आवाज खाली गेला’ हे निरीक्षण झालं. निरीक्षण लिहा. वेळ, जागा, हजर माणसं, मूल कधी जेवलं-झोपलं होतं तेही.

कागद कुलपात ठेवा. शिक्षकांच्या खोलीत या विषयावर कुजबुज झाली तर ती दोन दिवसांत घरापर्यंत पोचते, आणि तिची किंमत मुलाला मोजावी लागते.

पुढच्या आठवड्यात मुलाला पुन्हा भेटा, चौकशीसाठी नव्हे. काय ठरलं ते सांगा, काही ठरलं नसेल तर तेही सांगा. मूल घरीच राहणार असेल तर त्याच्याबरोबर बसून रात्रीची योजना ठरवा : आई उठली नाही तर पहिला फोन कुणाला, तो नंबर पाठ आहे का, शेजारचं कुठलं दार वाजवायचं, भावाला घेऊन कुठे थांबायचं, सुई दिसली तर हात न लावता कुणाला सांगायचं. एकदा म्हणवून घ्या, एकदा करवून घ्या. पालक उपचाराला गेले असतील तर किती दिवसांसाठी गेले आणि भेट कधी, ते मुलाला नेमक्या वाराने सांगा. ते परत नशेकडे वळले तर ते आधी तुमच्याकडून कळू द्या, आणि त्यात त्याचा काही दोष नाही हे त्याच बैठकीत सांगा.